व्यसन सुटण्याआधी माणूस जगला पाहिजे

व्यसन पूर्ण सुटेल तेव्हा सुटेल, तोवर त्यापायी होणारे मृत्यू, जंतुसंसर्ग आणि इजा टाळायच्या, या उपचारदृष्टीला ‘हानी कमी करणं’ म्हणतात. वाचकांनी पत्रांतून विचारलेले या वेळचे बहुतेक प्रश्न तिच्याविषयीचे आहेत. काही पत्रांत प्रश्न जवळजवळ सारखाच होता, तिथे एकच उत्तर दिलं आहे.

प्रश्न : धाकटा भाऊ तीन महिने व्यसनमुक्ती केंद्रात राहून घरी आला आहे. गर्द, म्हणजे अफूपासून बनणारं हेरॉइन, पूर्ण बंद आहे. निघताना समुपदेशकांनी घरात नालोक्सोन, म्हणजे गर्दच्या अतिमात्रेने (ओव्हरडोसने) थांबलेला श्वास परत आणणारं औषध, ठेवायला सांगितलं. आई म्हणते, औषध आणून ठेवणं म्हणजे ‘तू पुन्हा घेणारच’ असं त्याला तोंडावर सांगणं. काय करावं?

समुपदेशकांचं म्हणणं बरोबर आहे. भावाला सर्वांत जास्त धोका आहे तो नेमका आत्ताच.

रोज गर्द घेणाऱ्याच्या मेंदूतला, श्वासाचा ताल राखणारा भाग त्या मात्रेला हळूहळू सरावतो. या सरावाला डॉक्टर टॉलरन्स म्हणतात. नशा थांबली की तो काही दिवसांतच उतरू लागतो आणि तीन महिन्यांनी त्यातलं फारसं काही उरत नाही. हाताला मात्र जुनीच मात्रा ठाऊक असते. एखाद्या वाईट दिवशी तोल गेला, तर माणूस पूर्वीइतकंच घेतो, आणि जी मात्रा आधी जेमतेम टर्की (नशा न मिळाल्याने होणारा शारीरिक त्रास) थांबवायची तीच आता श्वास थांबवते.

लंडनमध्ये २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, भरती होऊन अफूवर्गीय नशा सोडवण्याचे उपचार घेतलेल्या १३७ जणांचा पाठपुरावा केला होता. त्यांतले तिघे पहिल्या चार महिन्यांत ओव्हरडोसने गेले. तिघेही उपचार नीट पूर्ण करून टॉलरन्स गमावलेल्या गटातले होते. तुरुंगातून सुटणाऱ्यांचंही असंच होतं. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या २००७ सालच्या अभ्यासात, सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसने मरण्याचा धोका इतर नागरिकांच्या १२९ पट आढळला. उपचार वाईट असतात असा याचा अर्थ नाही. शरीर स्वच्छ होतं तेव्हाच ते सर्वांत दुबळं असतं, आणि केंद्राचं दार ओलांडताना ही गोष्ट पुष्कळदा कोणी सांगतच नाही. तुमच्या समुपदेशकांनी सांगितली, याचं आम्हाला समाधान वाटलं.

टॉलरन्स जागेशीही बांधलेला असतो, हे फार कमी जणांना माहीत असतं. मानसशास्त्रज्ञ शेपर्ड सीगल यांनी १९८२ साली हेरॉइनला सरावलेल्या उंदरांना एकच मोठी मात्रा दिली. नेहमीच्या जागी दिली तेव्हा ३२ टक्के उंदीर मेले, अनोळखी जागी दिली तेव्हा ६४ टक्के. ओळखीच्या खुणा दिसल्या की शरीर आधीच तयारीला लागतं, परक्या खोलीत ती तयारी होत नाही. म्हणून नव्या ठिकाणी एकट्याने घेतलेली मात्रा दुप्पट सावधगिरीची.

आईंना एवढंच सांगा की हे औषध भावाच्या हातात द्यायचं नाहीच. बेशुद्ध माणूस ते स्वतःला देऊ शकत नाही, त्यामुळे ते घरातल्या बाकीच्यांसाठी असतं. ते लपवून ठेवू नका. भावाच्या देखत एक जागा ठरवा आणि सगळ्यांनी पाकिटावरची चित्रं एकदा पाहून घ्या. म्हणायचंच असेल तर ‘तू घेशील म्हणून नाही, तू हवा आहेस म्हणून’ इतकं साधं म्हणा. शिवाय त्याला बुप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोनसारखं, गर्दच्या जागी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायचं औषध चालू केलं आहे का, हे डॉक्टरांना विचारा. ते का, हे पुढच्या एका उत्तरात आलं आहे.

प्रश्न : नशेत झोपलेला माणूस आणि ओव्हरडोस झालेला माणूस यांतला फरक कसा ओळखायचा? आणि ओळखल्यावर नेमकं काय, कुठल्या क्रमाने करायचं?

हाक मारा, खांदा हलवा. तरीही हालचाल नसेल, तर मूठ वळून बोटांच्या सांध्यांनी छातीच्या मधल्या हाडावर जोरात घासा. हे चांगलंच दुखतं. नुसती झोप असेल तर माणूस कुरकुरतो, हात झटकतो. काहीच प्रतिसाद नाही म्हटल्यावर श्वासाकडे पाहा. मिनिटाला दहापेक्षा कमी श्वास, मधेच लांबलेली शांतता, किंवा घशात पाणी खळखळल्यासारखं घोरणं, यांतलं काहीही दिसलं तर तो ओव्हरडोस समजा. ओठ आणि नखं निळसर पडतात. सावळ्या माणसात ती राखाडी दिसतात, म्हणून ओठांची आतली बाजू उघडून पाहा. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, पण सोबत इतर नशा असेल तर ही खूण फसवते. तिच्यासाठी थांबू नका.

त्या घोरण्याबद्दल थोडं अधिक. ‘रात्री जोरात घोरत होता, म्हणून गाढ झोपला असेल असं वाटलं’, असं घरचे नंतर सांगतात. एरवी न घोरणारा माणूस नशा करून खळखळत घोरतो आहे, याचा अर्थ जीभ आणि घसा सैल पडून श्वासाची वाट बंद होत चालली आहे. त्याला उठवा. उठला आणि चिडला, तर बिघडलं काही नाही.

आता क्रम. पहिल्यांदा रुग्णवाहिकेला फोन. फोन स्पीकरवर ठेवून बाजूला ठेवा, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. ‘माणूस बेशुद्ध आहे, श्वास घेत नाही’ हे शब्द वापरा.

मग नालोक्सोन. नाकातला स्प्रे असेल (नेहमीचा ४ मिलिग्रॅमचा असतो), तर माणसाला पाठीवर झोपवून डोकं मागे कलवा, नळी बोटं नाकाला टेकेपर्यंत आत घाला आणि खालचा दट्ट्या पूर्ण दाबा. एका स्प्रेत एकच मात्रा असते. चालतो का हे पाहायला हवेत दाबलात की तो संपला, आणि ही चूक घाबरलेल्या हातून होते. इंजेक्शन असेल तर ०.४ मिलिग्रॅम मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत, गरज पडली तर कपड्यावरूनच.

औषध लागू पडायला दोन-तीन मिनिटं जातात. त्या वेळात नुसतं पाहत बसलं, तर मेंदूला प्राणवायू मिळत नाही. ओव्हरडोसमध्ये मरण येतं ते श्वास थांबल्यामुळे, म्हणून श्वास देणं औषधाइतकंच महत्त्वाचं आहे. तोंडात काही अडकलं असेल तर काढा, हनुवटी वर उचला, नाक चिमटीत धरा आणि तोंडाने दर ५ ते ६ सेकंदांना एक श्वास द्या. छाती वर उचलली गेली पाहिजे. उचलली जात नसेल तर डोकं पुरेसं मागे गेलेलं नसतं. श्वास पूर्ण थांबला आहे आणि जिवंतपणाची काहीच खूण नाही, असं असेल तर छाती दाबायला लागा: ३० दाब, २ श्वास, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने. फोनवरचा माणूस सोबत मोजतो.

तीन मिनिटांत श्वास सुधारला नाही, तर दुसरी मात्रा दुसऱ्या नाकपुडीत. इथे ध्येय नीट समजून घ्या. माणूस उठून बसावा म्हणून मात्रेवर मात्रा द्यायची नसते. तो नियमित श्वास घेऊ लागला, ओठांचा रंग परतला की पुरे, डोळे मिटलेले असले तरी चालतील. गरजेपेक्षा जास्त नालोक्सोनने एकदम कडक टर्की लागते: उलट्या, घाम, संताप. अशा अवस्थेत माणूस उठून निघून जातो आणि टर्की मोडायला लगेच पुन्हा घेतो.

त्यातला धोका असा, की नालोक्सोन ३० ते ९० मिनिटंच टिकतं. गर्द त्याहून जास्त वेळ रक्तात राहू शकतं, मेथाडोन तर खूपच जास्त. औषध उतरलं की आधीची नशा आणि मध्ये घेतलेली दुसरी, दोन्ही मिळून श्वास पुन्हा दाबतात. म्हणून शुद्धीवर आल्यानंतरही रुग्णालयात नेणं हेच योग्य. जायला तयार नसेल, तर निदान दोन तास कोणीतरी शेजारी जागं बसावं, आणि मेथाडोन किंवा दीर्घकाळ असर टिकणारी गोळी घेतली असेल तर त्याहून बराच जास्त वेळ.

श्वास चालू असेल आणि तुम्हाला दार उघडायला जायचं असेल, तर त्याला कुशीवर वळवा, वरचा गुडघा दुमडून पुढे टेकवा, हाताचा पंजा गालाखाली घाला. पाठीवर सोडून गेलात आणि उलटी झाली, तर ती फुप्फुसात जाते.

थंड पाण्याखाली धरणं, मिठाचं पाणी टोचणं, दूध पाजणं, उलटी करायला लावणं, उत्तेजक द्रव्य देणं, ‘झोपू दे, उतरेल’ म्हणून सोडून देणं, यांतल्या कशानेही श्वास सुरू होत नाही. हातातली चार-पाच मिनिटं मात्र जातात, आणि मेंदूला तेवढीच मिळालेली असतात.

प्रश्न : नालोक्सोन दिलं आणि नंतर कळलं, की त्याने दारू आणि झोपेच्या गोळ्या घेतल्या होत्या. अपाय झाला का?

नाही. नालोक्सोन फक्त अफूवर्गीय द्रव्यांना मेंदूतल्या जागेवरून हटवतं. दारू, झोपेच्या गोळ्या, कोकेन यांवर ते काहीच करत नाही आणि काही बिघडवतही नाही. शंका असेल तर द्यावंच. पुष्कळ ओव्हरडोस मिश्रणाचे असतात. दारू, गोळ्या आणि गर्द यांतलं प्रत्येक एकेकटं झेपलं असतं, तिन्ही मिळून श्वास बंद पाडतात. अशा वेळी नालोक्सोनने श्वास परततो, पण शुद्ध येत नाही. तेव्हा आणखी मात्रा न देता कुशीवर वळवून श्वासावर लक्ष ठेवा.

प्रश्न : स्प्रेची मुदत संपून सात महिने झाले. फेकून द्यायचा का?

नवा आणा आणि तो हातात येईपर्यंत जुना ठेवा. मुदतीनंतर औषधाचा जोर हळूहळू कमी होतो, पण त्याचं विष होत नाही. दुसरं काही जवळ नसेल तर तोच वापरा. उन्हात उभ्या गाडीत किंवा शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात मात्र ठेवू नका. गोठलेला स्प्रे ऐन वेळी उडत नाही.

प्रश्न : मुलाला मेथाडोन सुरू करायचं डॉक्टर म्हणतात. हे म्हणजे एक नशा काढून दुसरी घालणं नाही का? आणि ते सुटणार कधी?

हा प्रश्न चार पालकांनी विचारला आहे आणि चौघांच्याही पत्रांत तीच बोच आहे.

व्यसनात माणूस दिवसातून तीन-चार वेळा वर-खाली होत असतो: नशा, उतार, टर्की, पैशांची धावपळ, पुन्हा नशा. मेथाडोन सावकाश चढतं आणि एका दिवसाहून जास्त टिकतं. मात्रा बरोबर बसली की नशाही येत नाही, टर्कीही लागत नाही. माणूस कामावर जातो, जेवतो, झोपतो. व्हिन्सेंट डोल आणि मारी निस्वांडर या डॉक्टरांनी न्यूयॉर्कमधून १९६५ साली मांडलेले पहिले निष्कर्ष हेच सांगत होते. मेथाडोन आणि बुप्रेनॉर्फिन ही दोन्ही २००५ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा मेथाडोन चालू असलेल्यांत दर हजारी वर्षाला सुमारे ११ मृत्यू दिसले आणि उपचार सोडलेल्यांत ३६. बुप्रेनॉर्फिनचे आकडे सुमारे ४ आणि ९.५ होते. शरीराला औषधाची गरज लागणं आणि व्यसन असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली चालते. दुसरीने घर मोडतं.

आता जपण्याच्या गोष्टी. मेथाडोनचे पहिले दोन आठवडे नाजूक असतात. ते शरीरात साठत जातं, त्यामुळे पहिल्या दिवशी कमी वाटलेली तीच मात्रा चौथ्या-पाचव्या दिवशी जास्त होऊ शकते. म्हणून सुरुवात सहसा दिवसाला ३० मिलिग्रॅमच्या आत ठेवतात आणि सावकाश वाढवतात. ‘अजून टर्की लागतेय’ म्हणून त्यावर बाहेरून काही घेणं किंवा झोपेची गोळी जोडणं, इथेच अपघात होतात. दुपारी पेंगणं, बोलताना शब्द ओढणं दिसलं तर पुढची मात्रा देण्याआधी डॉक्टरांना फोन करा. हृदयाचा आलेख (ईसीजी) काढायला सांगितला तर टाळू नका, मेथाडोनने हृदयाचा ताल बिघडू शकतो. आणि बाटली कुलपात ठेवा. मोठ्या माणसाची एक मात्रा लहान मुलाचा जीव घेऊ शकते.

बुप्रेनॉर्फिनची अडचण वेगळी. ते मेंदूतल्या जागेला फार घट्ट चिकटतं, पण तिला अर्धवटच चालवतं. त्यामुळे मात्रा वाढली तरी श्वासावरचा परिणाम एका पातळीला येऊन थांबतो, आणि एकट्या त्याने ओव्हरडोस होणं अवघड असतं. पण अंगात गर्द असतानाच पहिली गोळी घेतली, तर ते गर्दला ढकलून लावतं आणि अर्ध्या-एक तासात भयंकर टर्की लागते. ‘या औषधाने मला मारलंच’ असं म्हणून लोक उपचार सोडतात, त्याचं कारण बहुतेक वेळा ही घाई असते. गर्दनंतर साधारण १२ तास तरी थांबून, जांभया, घाम, अंगावर काटा, मोठ्या झालेल्या बाहुल्या अशी टर्की स्पष्ट दिसू लागल्यावरच पहिली मात्रा घ्यावी. मेथाडोनवरून येत असेल तर एक ते तीन दिवस, आणि फेंटानिल (हेरॉइनहून कितीतरी तीव्र, कृत्रिम अफूवर्गीय द्रव्य) असेल तर वेळ डॉक्टरांनाच ठरवू द्या. गोळी जिभेखाली पूर्ण विरघळू द्यायची, गिळली तर फारसा उपयोग होत नाही. त्यानंतर पाण्याने चूळ भरा, पण दात तासाभराने घासा, नाहीतर ते झिजतात.

सुटणार कधी? घाई नको, हेच आमचं प्रामाणिक उत्तर आहे. औषध बंद केल्यानंतरचे पहिले चार आठवडे पुन्हा धोक्याचे असतात, कारण तेच, उतरलेला टॉलरन्स. काहींना दोन वर्षं लागतात, काही जण आयुष्यभर घेतात. मुलगा स्वतः ‘आता कमी करू’ म्हणेल तेव्हा डॉक्टरांसोबत महिन्यामहिन्याने कमी करा. लग्न ठरलं, परीक्षा आली म्हणून तारीख ठरवू नका.

प्रश्न : वडील रोज भरपूर दारू पितात. या वेळी आम्ही सगळ्या बाटल्या फेकून दिल्या. आज सकाळपासून हात थरथरताहेत, घाम येतोय. हे सहन केलं तर सुटेल ना?

पत्रोत्तराला वेळ लागतो म्हणून वाचकाशी वेगळा संपर्क केला आहे. इतरांसाठी हे ठळकपणे सांगतो: गर्दची टर्की असह्य असते, पण धडधाकट माणूस तिने सहसा मरत नाही. दारू अचानक तोडल्याने मात्र मृत्यू येऊ शकतो. थरथर सहा ते बारा तासांत सुरू होते, फिट पहिल्या दोन दिवसांत येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसांत भ्रम, ताप आणि नसलेल्या गोष्टी दिसणं. उठल्याबरोबर प्यावी लागत असेल, किंवा पूर्वी कधी सोडताना फिट आली असेल, तर घरी प्रयोग करूच नका.

रुग्णालयात डायझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइड पाच ते सात दिवसांत उतरत्या मात्रेने देतात आणि थायमिन, म्हणजे ब १ जीवनसत्त्व, इंजेक्शनने देतात. थायमिन कमी असलेल्या माणसाला नुसतं ग्लुकोज चढवलं, तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून ‘रोज पितात’ ही माहिती दाखल करतानाच सांगा, लाजून दडवू नका.

तपासणी होईपर्यंत दारू कमी करायची ती मोजून. आधी तीन-चार दिवस किती पितात ते लिहून काढा. मग एकूण प्रमाणाच्या सुमारे १० टक्के कमी करा, तेही चार दिवसांतून एकदा. थरथर सुरू झाली तर आधीच्या पायरीवर परत जा. व्यसनी माणसाला मापून दारू द्यायची, हे घरच्यांना फार जड जातं, ते आम्हाला कळतं. तरीही फिटपेक्षा ते बरं.

प्रश्न : आम्ही काही तरुण वस्तीत नव्या सुया वाटतो. ‘तुम्ही नशा वाढवता’ असा आरोप होतो. काय उत्तर द्यावं?

ॲम्स्टरडॅममध्ये १९८४ साली, यकृताच्या ब प्रकारच्या काविळीची साथ पाहून, नशा करणाऱ्यांच्याच संघटनेने सुया बदलून द्यायला सुरुवात केली. तेव्हापासून हा आरोप चालू आहे आणि तेव्हापासून तो तपासलाही गेला आहे. सुया दिल्याने नशा वाढत नाही. सिॲटलमधल्या एका अभ्यासात तर, अशा केंद्रात नव्याने येऊ लागलेले लोक उपचारात जाण्याची शक्यता, न येणाऱ्यांच्या सुमारे पाच पट निघाली. रोज एक माणूस न रागावता भेटतो, त्याचा हा परिणाम असावा.

एक सुधारणा सुचवतो. नुसती सुई पुरत नाही. क प्रकारच्या काविळीचा विषाणू सिरिंजमध्ये ६३ दिवसांपर्यंत जिवंत राहिल्याचं प्रयोगशाळेत दिसलं आहे, आणि तो चमचा, कापूस आणि पाणी यांतूनही जातो. सुई नवी पण पाण्याचं भांडं एकच, असं पुष्कळ ठिकाणी होतं. निर्जंतुक पाण्याच्या छोट्या कुप्या, प्रत्येकाला वेगळं भांडं आणि गाळणी, अल्कोहोलचे पुसण्याचे तुकडे, आणि वापरलेल्या सुयांसाठी जाड प्लॅस्टिकचा झाकणाचा डबा, एवढं संचात असू द्या. ब्लीचने धुतलेली सुई नव्यासारखी होत नाही, हेही सांगा.

प्रश्न : फेंटानिल तपासायची पट्टी ‘नाही’ म्हणाली, तर माल सुरक्षित समजायचा का?

नाही. पुडीत फेंटानिल सारखं मिसळलेलं नसतं. एका कोपऱ्यात गाठ असते, दुसऱ्यात काहीच नसतं. चिमूटभर तपासलं तर तेवढ्याच चिमटीचं उत्तर मिळतं. शिवाय नायटाझीनसारखी दुसरी तीव्र द्रव्यं या पट्टीला दिसत नाहीत. या पट्ट्यांवर बहुधा एक रेघ म्हणजे ‘आहे’ आणि दोन म्हणजे ‘नाही’, नेमकं उलटं समजणारे पुष्कळ आहेत. ‘आहे’ आलं तर ते खरं धरा, ‘नाही’ आलं तरी नालोक्सोन जवळ ठेवा.

प्रश्न : मुलगी अजून घेते. आत जाऊन कडी लावते. मी दाराबाहेर बसून रडते. घरात घेऊ द्यावं की बाहेर काढावं?

बाहेर काढलंत तर ती अनोळखी जागी, एकटी आणि घाईघाईने घेईल. या तिन्ही गोष्टींनी धोका वाढतो. घरात राहू देणं म्हणजे संमती नव्हे, हे तिला एकदा शांतपणे सांगा आणि त्यानंतर तेच पुन्हा पुन्हा बोलू नका.

आधी कडी काढून टाका, किंवा बाहेरून नाण्याने उघडता येईल असं कुलूप बसवा. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं असेल तर उत्तम, कारण आत कोसळलेलं माणूस आत उघडणारं दार अडवतं. तिच्याशी ठरवा, की घेण्याआधी ती घरात कोणाला तरी सांगेल, एका वेळी एकच द्रव्य घेईल, आणि काही दिवसांच्या खंडानंतर किंवा आजारपणानंतर पूर्वीची मात्रा घेणार नाही. तुम्ही दर दोन-तीन मिनिटांनी हाक मारायची. ‘हं’ वर समाधान मानू नका, पूर्ण वाक्य बोलायला लावा. टोचून घेतलं असेल तर सुरुवातीची मिनिटं सर्वांत धोक्याची, पण गिळलेली गोळी तासा-दोन तासांनी, बहुधा झोपेत, घात करते. ती झोपली की तुम्ही लगेच झोपू नका. खोलीत जाऊन तिचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजा, आणि अर्ध्या तासाने पुन्हा मोजा.